५० एमएम घेण्याआधी घरातलं अंतर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम (किट) लेन्स एवढंच सामान आहे, घर चिपळूणला, पुढच्या महिन्यात घरातच बारसं, नंतर धनेशाचे फोटो काढायची इच्छा, बजेट २५ हजार. सगळे ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या म्हणताहेत (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश येतो). मुंबईत फोर्टातल्या एका दुकानाने फोनवर ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ असं सांगितलंय, आणि जुनी लेन्स विकणाराही एक जण भेटलाय.

बारशासाठी ५० घेऊ नका. लेन्स चांगली आहे, पण तुमच्या खोलीत ती मावणार नाही.

हिशोब सोपा आहे. फोकल लेंग्थला (म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याला) समोरच्या दृश्याच्या रुंदीने गुणायचं आणि सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाच्या, रुंदीने भागायचं, की किती लांब उभं राहावं लागेल ते कळतं. १५००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका आणि पाळण्याखालून-वरून दिलं जाणारं बाळ, एवढ्याला निदान दोन मीटर रुंदी धरा. ५० एमएमने ५० × २००० ÷ २२.३, म्हणजे साधारण ४.५ मीटर, जवळजवळ १५ फूट मागे जावं लागेल. खोली १० बाय १२ ची असेल आणि पाळणा मधोमध टांगलेला असेल, तर भिंतीला पाठ लावूनही तुम्हाला सहा-सात फुटांपेक्षा जास्त अंतर मिळणार नाही. त्या जागेतून ५० ने एका बाईचा अर्धा देह येईल, बाळ आलं तर आलं. ३० एमएमला २.७ मीटर लागतात, २४ ला २.१५ मीटर, म्हणजे सात फूट.

हे माझ्या शब्दावर मानू नका. १८-५५ हातात आहेच. आज संध्याकाळी त्याच खोलीत पाळण्याच्या जागी दोघांना उभं करा, झूम २४ वर ठेवून एक फोटो, ३५ वर एक, ५० च्या आसपास एक, असे काढा आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर बघा. जुन्या फोटोंच्या माहितीतही प्रत्येक फोटो किती फोकल लेंग्थला काढला ते नोंदलेलं असतं. घरातले शे-दोनशे फोटो चाळले की तुमचा हात झूमच्या कोणत्या टोकाला जातो ते कळेल. बहुतेकांचा १८ ते ३० मध्ये असतो.

मग घ्यायचं काय? कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम (एसटीएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार) ही चपटी, छोटी लेन्स अंतराच्या दृष्टीने अगदी बसते. पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगणार नाही: किट लेन्स २४ वर जवळपास एफ ४ असते, त्यामुळे २.८ ने प्रकाश फक्त दुप्पट मिळतो. ५० एमएम एफ १.८ ची कीर्ती आहे ती किट लेन्सच्या ५५ वरच्या एफ ५.६ शी तुलना करून. तिथे फरक जवळजवळ दहापट पडतो. २४ कडून तो चमत्कार अपेक्षित धरू नका. सिग्माची ३० एमएम एफ १.४ आर्ट हा खरा उपाय आहे, पण ती महाग आहे. शिवाय १५००डीमध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही. व्ह्यूफाइंडरमधून काढलेला आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, काढलेला फोटो ताडून बघा. पहिल्यात नाकाऐवजी कान स्पष्ट येत असेल तर ती लेन्स सिग्माच्या यूएसबी डॉकवर (लेन्स संगणकाला जोडायच्या उपकरणावर) जुळवून घ्यावी लागते. डॉक आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून बारशाच्या तोंडावर ही भानगड नको.

माझं मत असं: २४ एमएम घ्या आणि उरलेल्यात एक फ्लॅश. आता फ्लॅशची मेख. १५००डीच्या हॉट शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिनच नाही. वरून बघा, बॉडीच्या शूमध्ये मधोमध जो गोल संपर्कबिंदू असायला हवा तो दिसणार नाही. त्यामुळे एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. कॅननचे ई-टीटीएल (प्रकाश आपोआप ठरवणारे) फ्लॅश चालतात. दुसऱ्या कंपनीचा घेणार असाल तर आपली बॉडी सोबत नेऊन, शूमध्ये लावून, दहा वेळा पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘कॅननला चालतो’ हे वाक्य पुरेसं नाही, ‘१५००डीला चालतो’ हे हवं.

फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायचं, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ८००, एफ ५.६, शटर १/१२५. मात्र हे स्लॅबच्या पांढऱ्या छताला लागू. घर कौलारू असेल तर प्रकाश वाशांमध्ये जिरतो आणि परत येतो तो पिवळट. अशा वेळी डोकं बाजूच्या किंवा तिरकं मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंत हिरवी किंवा गुलाबी रंगवलेली असेल तर बाळाच्या गालावर तोच रंग येईल. त्यापेक्षा एक पांढरी चादर टांगलेली बरी.

दुकानात चुकीची लेन्स हातात पडू शकते, ते सांभाळा. १५००डीच्या माउंटवर (लेन्स बसते त्या कड्यावर) लाल ठिपका आणि पांढरा चौकोन अशा दोन खुणा आहेत. ईएफ लेन्सवर लाल ठिपका असतो, ईएफ-एसवर पांढरा चौकोन. ४० एमएम एफ २.८ ही ईएफ लेन्स दिसायला २४ सारखीच चपटी आहे, दोन्हींचा फिल्टर ५२ मिमी. घाईत एकीच्या जागी दुसरी हातात येऊ शकते, म्हणून रिंगवरचा आकडा वाचा. आरएफ आणि आरएफ-एस लेन्स मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीच्या आहेत, तुमच्या बॉडीवर त्या कोणत्याही अडॅप्टरने नीट चालणार नाहीत. उलट, पुढे कधी कॅननची आर मालिकेतली बॉडी घेतलीत तर आज घेतलेली ईएफ-एस लेन्स कॅननच्या अडॅप्टरवर चालेल. कॅननचं लक्ष आता आरएफवर असल्याने ईएफ-एसचा नवा माल मिळेलच असं नाही, म्हणून जुनी लेन्स तपासता यायलाच हवी.

तपासणी अशी करा. बॉडी, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च न्या. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. चार-दोन धुळीचे कण असले तरी फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फाटे दिसले तर ती बुरशी. सगळी काच दुधाळ दिसली तर आत वाफ किंवा तेलाचा थर आहे. बुरशी नुकती लागलेली असेल तर कारागीर साफ करतो, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायमचा. कोकणात, मुंबईत वापरलेल्या लेन्समध्ये ही तपासणी निम्मं काम करते. विकणारा टॉर्च मारू देत नसेल तर उठून या.

पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर बोट फिरवा. कुठे चेपलेलं लागलं तर लेन्स पडलेली आहे. माउंटच्या स्क्रूंच्या डोक्यावर ओरखडे असतील तर कोणीतरी ती उघडलेली आहे. का उघडली ते विचारा.

मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांनी लहानमोठं होणारं छिद्र. कॅननच्या लेन्समध्ये ते विजेवर चालतं, त्यामुळे लेन्स नुसती हातात धरून कळत नाही. बॉडीला लावा, एम मोड, शटर २ सेकंद, एफ १६, आणि शटर दाबून लेन्समध्ये पुढून बघा. पाती झटकन मिटून दोन सेकंद तशीच राहायला हवीत. आळसत मिटली किंवा त्यांवर तेलाची चमक दिसली तर नको.

आता सर्वांत महत्त्वाचं, चारही कोपरे. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाला समांतर. आयएसओ १००, अॅपर्चर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून मध्यावर फोकस, दोन सेकंदांचा टायमर. फोटो मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा पिठूळ असेल तर आतली काच तिरकी झालेली असू शकते. खात्रीसाठी कॅमेरा उलटा करून तोच फोटो काढा. खराबी फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर दोष लेन्सचा, पानाच्या त्याच भागासोबत सरकली तर तुमचं पान वाकडं होतं.

एसटीएम लेन्सची फोकस रिंग कॅमेरा बंद असताना फिरवली तर काहीच हलत नाही. तो दोष नाही, ती रिंग मोटरमार्फतच चालते. मात्र २४ किंवा ५० एसटीएमची पुढची नळी बाहेर आलेली असताना ती बोटाने आत ढकलू नका, आतली दातेरी चाकं जातात. कॅमेरा चालू ठेवून, मॅन्युअल फोकसवर, शटर अर्धं दाबून रिंग फिरवत नळी आत घ्या, मग बंद करा.

दुकानाचं बोलायचं तर सीएसएमटीच्या समोर, फोर्टातल्या बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची बरीच दुकानं आहेत. चांगलीही आहेत आणि बेरकीही. पाटी किती जुनी यावरून ठरवू नका, बिलावरून ठरवा. ‘दोन हजार कमी’ म्हणजे नेमकं काय सोडताय ते बघा. बहुतेक वेळा अशी लेन्स परस्पर बाहेरून आणलेली असते, किंवा किटमधून सुटी काढून पांढऱ्या खोक्यात घातलेली. बिल नसेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावणार नाही, आणि उद्या विकताना तुम्हालाही किंमत कमी येईल.

अधिकृतपणे आयात झालेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला असतो. पॅकबंद मालासाठीच्या २०११ च्या वजनमापे नियमांनी ते बंधनकारक आहे. हे लेबलच नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, माल कुठल्या वाटेने आला ते कळलं. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. खोक्यावरचा, लेन्सवरचा आणि वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक एकच हवा आणि तोच बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘कॅमेरा लेन्स १ नग’ असं बिल पुढे वाद झाला तर कामाचं नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. पुढचे दहा म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नोंदलेलं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिथेच दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. यूपीआय करताना समोर येणारं नावही बिलावरच्या नावाशी जुळायला हवं. फोनवर आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी एक जुनी खेळी: फोनवर भाव कमी सांगायचा आणि काउंटरवर ‘तो पीस संपला, हा घ्या’, किंवा ‘यासोबत यूव्ही फिल्टर घ्यावाच लागतो’. चिपळूणहून सकाळच्या गाडीने आलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला नाखूश असतो, हे त्यांना माहीत असतं. म्हणून निघण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव, बिलासकट अंतिम किंमत आणि माल दुकानात असल्याचं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरत नाही त्याच्याकडे जा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

धनेशासाठी आत्ता पैसे घालू नका. पावसाळा संपला की ५५-२५० आयएस एसटीएम घ्या, जुनी चालेल. याच लेन्सच्या आधीच्या दोन आवृत्त्या आहेत, त्यांवर एसटीएम ही अक्षरं नसतात आणि त्या हिच्याइतक्या स्पष्ट नाहीत. ७५-३०० ला आकडा मोठा असला तरी कंपनरोधक नाही आणि ३०० वर ती मऊ पडते. २५० वर हातात धरून काढताना शटर १/४०० च्या खाली नको, उडत्या पक्ष्याला १/१६०० द्या. विणीच्या दिवसांत ढोलीजवळ थांबू नका. मादी आत बंद असते, आणि तुम्ही खाली उभे असाल तर नर फळ घेऊन येत नाही.

लेन्स घरी आल्यावर चामडी पिशवीत किंवा कपाटात कोंडू नका. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की त्याचं काम संपलं. ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास निळं होईपर्यंत तापवता येतं, पण निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. वेगळा ओव्हन नसेल तर कोबाल्ट नसलेलं नारिंगी जेल बघा, किंवा जून ते सप्टेंबर दर महिन्याला नवं भरा.