दापोलीच्या किनाऱ्यावरची मुलं समुद्री कासवांसाठी रोज काय करू शकतात?

तुम्ही विचारलंय की मुलगी दहा वर्षांची आहे, घर किनाऱ्यालगत आहे, मग शाळेच्या पोस्टरपलीकडे तिला काय करता येईल? बरंच. कोकणात अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. नोव्हेंबर ते मार्च घरटी, आणि पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी, म्हणजे मेपर्यंत.

या दिवसांत खेळून निघताना वाळूतले खड्डे बुजवायचे, किल्ले मोडायचे. पिल्लू जेमतेम चार सेंटीमीटरचं. माणसाच्या पावलाचा ठसाही त्याला खड्डाच. अडकलं की कावळा टिपतोच. खाऊचं उष्टं आणि मासळीची घाण किनाऱ्यावर टाकायची नाही. तिथे सोकावलेली कुत्रीच पुढे घरटी उकरतात. समुद्राकडे तोंड असलेला अंगणातला दिवा रात्री बंद. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, दिवा दिसला की उलटी रस्त्याकडे.

सकाळी वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा, अडीचेक फूट रुंद माग दिसला, डावे-उजवे ठसे एकाआड एक, तर रात्री मादी येऊन गेली. मागावरून चालायचं नाही, काठी खुपसायची नाही. गावातल्या कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या माणसाला, सांगायचं, नाहीतर वनविभागाच्या 1926 वर फोन. अंड्यांना हात मुळीच नको, आणि इथेच हौशी मोठी माणसं चुकतात. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो; नंतर अंडं फिरलं की तो मरतो. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, म्हणजे एका उत्साहात किती जातात बघा. हलवायचीच वेळ आली तर जाणकार ती जशीच्या तशी, वरची बाजू वर ठेवून हलवतात.

जाळ्याचे सुटे तुकडे मुलांनी जरूर उचलावेत. वाळूत रुतलेलं जाळं मोठ्यांवर सोडावं.

पावसाळ्यात दमलेलं, जखमी कासव किनाऱ्याला लागतं. लोक दयेपोटी त्याला परत पाण्यात ढकलतात, आणि ते बुडतं, कारण ते फुफ्फुसानेच श्वास घेतं. त्याला सावली करायची, पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या, आणि लगेच 1926.

वाडीतल्या मच्छीमारांना मुलीने एक गोष्ट जरूर सांगावी: जाळं कापून कासव सोडलं तर वनविभाग 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतो, पण पुरावा लागतो. तेव्हा अडकलेल्या कासवाचा आणि कापलेल्या जाळ्याचा फोटो होडीतच काढून ठेवायचा.