छोट्या दुकानाच्या दारात रॅम्प करायला अमेरिकेत सरकारी पैसे मिळतात का?

तुमचा प्रश्न वाचला आणि दुकान बंद करून घरी आल्या आल्या लिहायला बसलो. न्यू जर्सीत भाड्याच्या जागेत फराळाचं दुकान, दारात उंच पायरी, जागामालक म्हणतो तुमच्या खर्चानं करा, आणि सरकार काही अनुदान देतं का असं तुम्ही विचारलंय. रोख अनुदान केंद्र सरकार देत नाही. पण आधी खर्च करायचा आणि मग जवळपास निम्मे पैसे करातून वळते करून घ्यायचे, ही सोय १९९० पासून कायद्यात आहे. आपले लोक ती घेत नाहीत, कारण कुणीतरी त्यांना ‘तुम्हाला लागू नाही’ असं सांगून मोकळं झालेलं असतं. मलाही सांगितलं होतं.

मी आणि दादा मिळून इथेच किराणा दुकान चालवतो. इमारत सत्तरच्या दशकातली, दाराशी सात इंचांची एक पायरी. धडधाकट माणसाच्या ती लक्षातही येत नाही. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, सगळे त्यांना काका म्हणायचे. २००७ साली भारतातला आंबा इथे पुन्हा यायला लागला तेव्हापासून काकांनी आमच्याकडचा हापूस एकदाही चुकवला नाही. पेटी उघडायची, देठाजवळ नाक न्यायचं, दोन फळं हातात तोलायची, मग घ्यायची. २०१३ च्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते व्हीलचेअरवर आले. त्यानंतर मुलगी त्यांना गाडीत बसवून ठेवून एकटीच आत यायची. पुढच्या हंगामात मी एकेक पेटी बाहेर नेऊन गाडीच्या खिडकीशी धरायचो. एका शनिवारी चांगलाच पाऊस होता. तिसरी पेटी घेऊन गेलो तर काका माझ्या भिजलेल्या बाह्यांकडे बघत म्हणाले, “राहू दे रे, कुठलीही दे.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दादाला म्हणालो, रॅम्प करू या. दादा म्हणाला, “अशी गिऱ्हाइकं किती? एक. त्यांना आपण गाडीपर्यंत नेऊन देतोच की.” तरी मी कोटेशन मागवलं. पार्किंगच्या बाजूच्या दाराला रॅम्प, कठडे, दार रुंद करणं, सगळं मिळून ६,८५० डॉलर. तेव्हाच्या आमच्या अकाउंटंटला फोन केला, यात काही सवलत आहे का म्हणून. तो म्हणाला, आहे, पण वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत धंदा असेल तर. तुमची विक्री तेरा लाखांची, तुम्ही बसत नाही. दादानं कोटेशनची घडी घातली आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिली. दोन वर्षं ती तिथेच होती. रोज सुट्टे काढताना ती मला दिसायची.

२०१६ मध्ये दादा एकदाचा म्हणाला, तुला करायचं ते कर, पण मला त्यातलं काही विचारू नकोस. मी केलं. नियम असा की एक इंच चढाला बारा इंच उतार, म्हणजे सात इंचांच्या पायरीला सात फुटांचा रॅम्प. चढ सहा इंचांहून जास्त झाला की दोन्ही बाजूंना कठडा लागतो. वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. दार उघडल्यावर मधून ३२ इंच मोकळे राहिले पाहिजेत. आणि आत आल्यावर पुढे काय? आमच्या दोन मांडण्यांच्या मध्ये तांदळाची आणि पिठाची पोती रचलेली असायची, तिथून लहान मूलसुद्धा आडवं होऊन जायचं. ती हलवून ३६ इंचांची वाट काढली, त्याला एक डॉलरही लागला नाही. रॅम्पवर हजारो खर्च करून मधे पोती ठेवणारी दुकानं मी पाहिली आहेत. तसला रॅम्प करूच नका.

पुढच्या मे महिन्यात काका आत आले. पाच पेट्या उघडायला लावल्या, चार नापास केल्या. मग खुर्ची वळवून मागच्या रांगेत गेले आणि थालीपिठाच्या भाजणीच्या पाकिटावरची तारीख डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचली. पाऊण तास होते. मुलगी दोनदा आत येऊन गेली, दोन्ही वेळा त्यांनी तिला हातानंच थांबायची खूण केली.

आता पैशांचं. २०१८ मध्ये मी स्वतः आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, फॉर्म ८८२६ बरोबरच्या सूचना वाचल्या. ही सवलत याच फॉर्मवर मागायची असते. तिथे लिहिलंय की आदल्या वर्षीची विक्री दहा लाख डॉलरपर्यंत असावी किंवा पूर्णवेळ कामाला तीसपर्यंतच माणसं असावीत. किंवा! दोन्ही अटी लागत नाहीत, दोन्हींपैकी एक पुरते. आमच्याकडे आम्हा दोघांना धरून अकरा माणसं. आम्ही पहिल्या दिवसापासून बसत होतो. एका शब्दापायी दोन वर्षं काका गाडीत बसून राहिले.

हिशेब असा. खर्चातले पहिले २५० डॉलर सोडायचे, त्यापुढे १०,२५० पर्यंतच्या खर्चाचे निम्मे पैसे करातून थेट कमी होतात, यालाच क्रेडिट म्हणतात. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर. आमचे ६,८५० वजा २५० म्हणजे ६,६००, त्याचे निम्मे ३,३००. उरलेले ३,५५० डॉलर करकायद्याच्या कलम १९० खाली उत्पन्नातून वजा होतात, तिथे मर्यादा वर्षाला १५,००० डॉलर. आधी भरलेल्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र भरायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आम्ही त्यात बसलो. आधी कंपनीचं भरलं, मग आम्हा दोघांची. ५,००० डॉलरची ती मर्यादा दर वर्षी नव्यानं मोजतात, म्हणून काम मोठं असेल तर यंदा दार आणि पुढच्या वर्षी स्वच्छतागृह असं विभागून करा.

तुमच्या जागामालकाचं म्हणणं निम्मंच खरं आहे. अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यात, म्हणजे एडीएमध्ये, जबाबदारी मालक आणि भाडेकरू दोघांची आहे. आपसांत खर्च कुणी करायचा ते भाडेकरार ठरवतो, पण म्हणून कायद्यापुढे दोघांपैकी कुणीच सुटत नाही. ‘इमारत जुनी आहे, तिला सूट आहे’ असं तो म्हणाला तर ऐकू नका. तशी सरसकट सूट नाही. जे सहज आणि फार खर्च न होता करता येण्यासारखं आहे, ते जुन्या इमारतीतही करावंच लागतं. त्याला हे लेखी कळवा, तोंडी बोलू नका. आणि कोर्टाच्या नोटिशीच्या भीतीनं रॅम्प करू नका. भीतीनं केलेल्या कामात माणसं कमीत कमी करून सुटायला बघतात.

दादा अजून म्हणतो, पैसे परत आले म्हणून तुझं खरं ठरलं. दादा, नाही. पैसे आले नसते तरी तू चुकलाच होतास. ‘एकच गिऱ्हाईक’ हा हिशेब तू पायरीच्या आत उभा राहून केलास. पायरीपर्यंत येऊन परत गेलेले तुझ्या गल्ल्यात कधी मोजलेच गेले नाहीत. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आता वॉकर आणि काठ्या किती दिसतात ते बघ. १९७० आणि ८० च्या दशकात आलेले सगळे म्हातारे झालेत. भागीदारीत धंदा असेल तर असला निर्णय भागीदाराच्या अंदाजावर आणि अकाउंटंटच्या फोनवर सोडू नका, मूळ कागद स्वतः वाचा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमची इमारत ५ नोव्हेंबर १९९० नंतर वापरात आली असेल तर रॅम्पसारख्या अडथळे काढण्याच्या कामाला हे क्रेडिट मिळत नाही, पण खुणांच्या भाषेचा दुभाषी किंवा ब्रेलमधलं मेनूकार्ड यांच्या खर्चाला मिळू शकतं. काम एडीएच्या मापांत बसलेलंच हवं, घरी ठोकलेली प्लायवुडची फळी चालणार नाही. त्या वर्षी कर भरायचाच नसेल तर हातात चेक येत नाही, क्रेडिट एक वर्ष मागे किंवा वीस वर्षं पुढे नेता येतं. काही गावं केंद्राच्या सामुदायिक विकास निधीतून दुकानांच्या दर्शनी भागासाठी पैसे देतात, तेव्हा टाउनशिपच्या कचेरीत परवान्याला जाल तेव्हा तेही विचारा. मी अकाउंटंट नाही, दुकानदार आहे. आकडे तुमच्या सीपीएकडून, म्हणजे परवानाधारक अकाउंटंटकडून, तपासून घ्या, पण फॉर्म ८८२६ छापून त्याच्यासमोर ठेवा आणि ‘किंवा’खाली रेघ मारा. मापांबद्दल शंका असेल तर एडीएच्या सरकारी माहिती क्रमांकावर, ८००-५१४-०३०१, फोन करा, सल्ला फुकट असतो.

पायरीची उंची पट्टी लावून इंचांत मोजा आणि दाराबाहेर फुटपाथ सुरू होईपर्यंत किती फूट जागा आहे तेही इथे लिहा. समोरून रॅम्प बसेल की आमच्यासारखं बाजूचं दार फोडावं लागेल, ते त्यावरून सांगतो.