परसबाग, प्रश्न तुमचे : गावरान टमाटर

हा अंक हाती पडेल तेव्हा गणपती बसायला आले असतील, म्हणजे टमाटराचं बी टाकायची वेळ जवळ आली. पत्रंही नेमकी त्यावरच आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्याला लांब उत्तर लागतं, त्याला लांब दिलं आहे.

प्रश्न : उमरेडजवळच्या गावातून आत्याने चपट्या, चुणीदार, आंबट भेदरांचं (गावरान टमाटरांचं) बी दिलं. फेब्रुवारीत अंगणात लावलं. झाडं कमरेएवढी झाली, फुलंही लदलदून आली, पण सगळी गळाली. बी खराब होतं का? (वाचक, मानेवाडा)

बी उत्तम आहे ताई, टाकून देऊ नका. खराब असतं तर झाड एवढं वाढलंच नसतं. टमाटराला फळ धरायला गार रात्र लागते, साधारण १५ ते २० अंशांची. दिवसा पारा ३५ च्या वर जायला लागला की पराग निकामी होतो आणि फूल देठाच्या सांध्यापाशी पिवळं पडून गळतं. फेब्रुवारीत लावलेलं झाड फुलावर येतं ते नागपूरच्या ऐन उन्हात. मग खत घाला, फवारणी करा, काही उपयोग होत नाही.

यंदा अनंत चतुर्दशीच्या सुमारास बी टाका. पंचवीसेक दिवसांत रोप वीतभर होतं आणि दसऱ्याला लावायला तयार असतं. तोवर पाऊसही ओसरलेला असतो. डिसेंबरात तोडा सुरू होतो आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतो. आपल्या शहराला टमाटरासाठी हेच एवढे महिने मिळालेत, ते वाया घालवू नका.

तुमच्या भागात काळी माती असणार. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की फाटते, दोन्ही वेळा मुळांना त्रास. म्हणून सपाट जमिनीत लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी रेती आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. रोप लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्यापर्यंत मातीत गाडा. टमाटराच्या खोडावर जी बारीक लव आणि बारके फुगवटे दिसतात ना, तिथून ओल मिळाली की नवी मुळं फुटतात. खोल लावलेलं झाड पुढे उन्हाचा ताण जास्त सोसतं.

दोन झाडांत दोन हात अंतर ठेवा. गावरान झाड पसरतं, त्याला त्याच दिवशी बांबूची काठी द्या. नंतर काठी खुपसली तर मुळं तुटतात.

प्रश्न : गोकुळपेठ बाजारात ‘देशी’ म्हणून महाग टमाटर मिळतात. खरे कसे ओळखायचे? (वाचक, धरमपेठ)

विकणारे कुठल्याही चपट्या टमाटराला देशी म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. हातात घ्या. जुन्या वाणांची साल पातळ असते, अंगठ्याने दाबलं की फळ दबतं आणि ते दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. आठवडाभर टोपलीत टणक राहणारा टमाटर ट्रकमधून लांबचा प्रवास करता यावा म्हणून निवडलेला असतो.

दुसरी खूण देठाजवळ आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाचे खांदे गर्द हिरवे असतात आणि पिकल्यावरही तिथे थोडा हिरवा-पिवळा पट्टा राहतो. पुष्कळ गिऱ्हाईक हे ‘अर्धकच्चं’ म्हणून बाजूला सारतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चवीचा एक भाग तिथूनच येतो. सगळं फळ एकसारखं लाल पिकावं म्हणून गेल्या शतकात निवड होत गेली. त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारा एक जनुक निकामी झालेला वाण सगळीकडे पसरला. हे २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिलं. हिरवा खांदा उन्हात साखर बनवतो. तो गेला, तशी गोडीही थोडी गेली. तेव्हा हिरव्या खांद्याचं फळ दिसलं तर आधी ते उचला.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून ब्रँडीवाइन आणि चेरोकी पर्पल यांचं बी आणलं आहे. नागपुरात येतील का? (वाचक, प्रतापनगर)

येतील, पण त्यांना लवकर लावा. दोन्ही वाण उशिरा येणारे आहेत, रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला अडीच-तीन महिने घेतात. रोप दसऱ्याच्या आठवडाभर आधीच मातीत गेलं पाहिजे, नाहीतर बराचसा बहर मार्चच्या उन्हात सापडेल. ब्रँडीवाइनचं पान बटाट्यासारखं असतं, ते पाहून रोग समजू नका. फळं मोठी पण थोडी येतात. मीठ भुरभुरून कच्चीच खा, भाजीत घालायची चूक करू नका.

एक आग्रह आहे. त्याच वाफ्यात दोन झाडं पुसा रूबीचीही लावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा जुना सरळ वाण आहे. त्याचं बी धरता येतं, फळ आंबट-रसाळ असतं आणि आपल्या हवेत ते हमखास येतं. पाहुणे वाण रुसले तरी सारापुरते टमाटर घरचे मिळतील.

प्रश्न : फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. अंड्याची टरफलं घालू का? (वाचक, हिंगणा)

टरफलं कुजायला फार वेळ लागतो, या हंगामात त्यांचा उपयोग नाही. हा डाग फळाला चुना (कॅल्शियम) कमी पडल्याने येतो. तो मातीत बहुधा आहेच, पण पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही. एक दिवस आळं तुडुंब आणि चार दिवस कोरडं, असं होत असेल. ठरलेल्या दिवशी, ठरलेलं पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर टाका. फळं तडकणंही यानेच कमी होईल.

प्रश्न : एवढ्या नाजूक टमाटराचं करायचं काय? फ्रिजमध्येही चार दिवसांत बेचव होतात. (वाचक, महाल)

फ्रिजमध्ये ठेवूच नका. बारा अंशांच्या खाली टमाटराचा वास तयार होणं थांबतं, आणि बाहेर काढल्यावर तो पुरता परत येत नाही. हिवाळ्यात आपलं स्वयंपाकघर पुरेसं गार असतं. टोपलीत देठाची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता ठेवा.

आणि चटणी करा. पिकली भेदरं आणि हिरव्या मिरच्या गॅसच्या जाळीवर भाजा, चूल असेल तर निखाऱ्यावर. साल काळी पडून फाटली पाहिजे आणि आतला रस फुटून ‘चुर्र’ वाजला पाहिजे, तोवर हलवू नका. काळी साल सगळी काढू नका, थोडी राहू द्या, धुराचा वास तिच्यातच असतो. लसूण आणि मीठ आधी खलबत्त्यात ठेचा, मग मिरची, शेवटी भेदरं. बियांभोवतीचा गर अजिबात टाकू नका, तोंडाला पाणी सुटतं ते त्यानेच. मिक्सर नको. त्यात फेस येऊन चटणी फिक्कट गुलाबी होते. वरून बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), कच्चा कांदा आणि जवसाचं कच्चं तेल घाला. ज्वारीची भाकर गरम हवी. आमच्याकडे डिसेंबरभर संध्याकाळचं जेवण बहुतेक हेच असतं आणि कुणी कुरकुरत नाही.

लोखंडी कढईत टमाटर शिजवू नका, आंबटपणाने कढईची चव उतरते. मार्चमध्ये झाडं थकली की उरलेली हिरवी फळं तोडून भाजलेले तीळ घालून चटणी करा.

प्रश्न : बी कसं धरायचं? आणि शेजाऱ्यांना दिलं तर कायद्याने चालतं का? (मानेवाडा आणि कामठी येथील वाचक)

पहिल्या बहरातली दोन-तीन चांगली फळं झाडावरच पूर्ण पिकू द्या. ज्या झाडाची पानं चुरडामुरडा रोगाने वळली असतील, त्याचं बी घेऊ नका. जमलं तर एकाच झाडाऐवजी चार-पाच झाडांची फळं एकत्र करा. फळ आडवं कापून बी गरासकट काचेच्या ग्लासात काढा, थोडं पाणी घाला आणि सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. रोज एकदा ढवळा. वास येईल, वर पांढरी साय धरेल, घाबरू नका. बियांवरचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते आंबल्यावरच सुटतं. मग भरपूर पाण्यात धुवा. पोकळ बी तरंगतं, ते ओतून द्या. तळाचं बी स्टीलच्या ताटात पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. कोरड्या, गार जागी ठेवलेलं बी चार वर्षं सहज उगवतं. बाजारातल्या संकरित टमाटराचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं निघतं.

कायद्याची काळजी नको. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि वाटायचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढंच. आत्याच्या भेदरांना यातलं काहीच लागू नाही, खुशाल वाटा. मानेवाड्याच्या ताईंनी तर यंदा कामठीला एक पुडी पाठवावीच. पत्ता संपादकांकडून मिळेल. पुडीवर गावाचं नाव, वर्ष आणि फळाची चव लिहायला विसरू नका.