पट ९८, अनुदान निम्मे

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ९८ आहे, शेजारच्या गावातल्या शाळेचा १०४. त्यांना संयुक्त शाळा अनुदान ५० हजार मंजूर होते, आम्हाला २५ हजार. सहा मुलांमुळे एवढा फरक?
– शाळा व्यवस्थापन समितीच्या एक पालक सदस्य

उत्तर : यात कुणी पक्षपात केलेला नाही. समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेत हे अनुदान पटाच्या टप्प्यांनुसार ठरते. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. ही वर्षाची कमाल रक्कम. ती हप्त्यांनी येते आणि पूर्ण येईलच असे नाही.

आता भागाकार करून पाहा. तुमच्या शाळेत मुलामागे २५५ रुपये पडतात, शेजारच्या शाळेत ४८१. पट ३० असेल तर ३३३ रुपये, ३१ झाला की ८०६. हजार मुलांच्या शाळेत मात्र फक्त ७५. एवढ्या पैशांत वीजबिल, पाणी, खडू-कागद, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती, नादुरुस्त वस्तू बदलणे हे सगळे बसवायचे, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे. आमच्या मते ही रचनाच सदोष आहे. प्रत्येक शाळेला ठरावीक मूळ रक्कम आणि वर मुलामागे काही रक्कम, असे सूत्र असते तर ही उडी राहिली नसती. समजा मूळ २० हजार आणि मुलामागे २०० रुपये धरले, तर तुम्हाला ३९,६०० मिळतील आणि शेजाऱ्यांना ४०,८००.

सूत्र बदलणे तुमच्या हातात नाही, पण पट बरोबर नोंदला आहे का हे पाहणे नक्की आहे. मुख्याध्यापकांसोबत बसून हजेरीपट आणि यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची नावे एकेक करून ताडून पाहा. दुसऱ्या शाळेतून आलेले मूल वर्गात बसलेले असते, पण जुन्या शाळेने त्याला पोर्टलवर सोडलेले नसते, किंवा सोडल्यावर ते पोर्टलच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहते आणि आपल्या शाळेने ते ओढून घेतलेले नसते. अशी तीन मुले निघाली तर तुमचा पट १०१ होईल. मात्र शाळेत न येणाऱ्या मुलांची नावे घालून पट फुगवू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यातून मिळालेला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या वाट्याचा असतो.

एक गोष्ट लगेच करता येईल. वीजबिलावरची वर्गवारी वाचा. महावितरणच्या दरपत्रकात शासकीय शैक्षणिक संस्था व रुग्णालये यांच्यासाठी ‘सार्वजनिक सेवा’ ही वेगळी वर्गवारी आहे. बिलावर ‘वाणिज्यिक’ असेल तर शाळा जिल्हा परिषदेची असल्याचा पुरावा जोडून बदलाचा अर्ज द्या. तुटपुंज्या अनुदानातले पैसे या एका चुकीपायी विनाकारण जाऊ शकतात.

प्रश्न : अनुदानाचे पैसे मार्चच्या तोंडावर येतात आणि खर्च होईपर्यंत परत जातात. काय करावे?
– एक मुख्याध्यापक

उत्तर : २०२१ मध्ये प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेचा निधी राज्याच्या एकाच मुख्य खात्यात ठेवण्याची पद्धत आली. शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते आणि तिला फक्त खर्चाची मर्यादा दिली जाते. वर्ष संपले की ती मर्यादा काढून घेता येते. म्हणून रक्कम येण्याची वाट न पाहता तयारी आधीच करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या सभेत गरजांची यादी प्राधान्यक्रमाने ठरवून ठराव लिहा आणि दरपत्रके मागवा. पुरवठादाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी बँकेच्या पासबुकाशी जुळवून पीएफएमएस या सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवून ठेवा. दुकानाची पाटी एका नावाची आणि खाते दुसऱ्या नावाचे, एवढ्यावरून पैसे अडकतात. बिल शाळेच्या नावे घ्या. वस्तूची नोंद साठा नोंदवहीत आणि खर्चाची रोजकीर्दीत त्याच दिवशी करा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, याच नोंदींवर उभे राहते.

प्रश्न : आमच्या पाड्यावरच्या शाळेत २० मुले आणि दोन शिक्षक आहेत. मुलामागे खर्च फार होतो, असे ऐकवले जाते. हे न्याय्य आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. शाळा २० मुलांची असो की ६० ची, पगार दोघांचेच. त्यामुळे तुमच्याकडे मुलामागे पगाराचा खर्च आपोआप तिप्पट दिसतो. यात उधळपट्टी कुठेच नाही. छप्पर गळले तर पत्रे तेवढेच लागतात आणि पाड्यापर्यंतची वाहतूक वरून. समान रक्कम दिली म्हणजे समान शाळा मिळाली, असे होत नाही.

तुमच्या हातातले साधन म्हणजे शाळा विकास आराखडा. कायद्याच्या कलम २१ आणि २२ नुसार तो व्यवस्थापन समितीने करायचा असतो. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. आराखड्यात ‘दुरुस्ती आवश्यक’ एवढेच लिहू नका. ‘पहिलीच्या खोलीचे सहा पत्रे फुटले, पावसात वर्ग व्हरांड्यात भरतो’ असे लिहा, फोटो आणि कनिष्ठ अभियंत्याचे अंदाजपत्रक जोडा, आणि त्याची पोच घ्या. हीच प्रत ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यासाठी ग्रामसभेतही मांडा. शौचालय आणि पिण्याच्या पाण्याची कामे ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून घेता येतात, मग तेवढे अनुदान वर्गासाठी उरते.

प्रश्न : पालकांकडून सक्तीने वर्गणी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ नुसार पैसे भरता आले नाहीत म्हणून प्राथमिक शिक्षण अडेल अशी कोणतीही फी किंवा आकार लावता येत नाही. स्वखुशीचा लोकसहभाग चालतो, पण पावती द्या, रक्कम समितीच्या खात्यात भरा आणि हिशेब फलकावर लावा. वर्गणी न देणाऱ्याच्या मुलाला हे कधीही कळता कामा नये.