पाहुणा कोणीच नको

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची कार्यक्रमपत्रिका मी दोनदा वाचली. भुसावळच्या तुमच्या कॉलनीत अहिराणी, लेवा, गुजर, तडवी, मारवाडी, उर्दू बोलणारी आणि रेल्वेच्या नोकरीमुळे दक्षिणेतून येऊन इथलीच झालेली घरे आहेत. त्या सगळ्यांना एका संध्याकाळी एकत्र आणावे आणि त्या निमित्ताने गरजूंसाठी निधी उभा करावा, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला.

पत्रिका मात्र आवडली नाही. तीत प्रत्येक समाजाला मंचावर सात-सात मिनिटे दिली आहेत. पण वेळ वाटून देणारे, खुर्च्या मांडणारे, आचारी ठरवणारे आणि पावतीपुस्तक सांभाळणारे सगळे तुमच्या एका गल्लीतले आहेत. बाकीच्यांनी यायचे, नाचायचे, टाळ्या घ्यायच्या आणि जेवून घरी जायचे. म्हणजे यजमान एक आणि पाहुणे अनेक. अशा कार्यक्रमाचे फोटो चांगले येतात, पण दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालेला माणूस समोरच्या घराला आदल्या दिवसाइतकाच अनोळखी असतो.

जळगावचा श्रीराम रथ तू पाहिला आहेस. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा रथ कार्तिकी एकादशीला निघतो आणि भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबून मगच पुढे जातो. त्या दोघांच्या स्नेहाची ही खूण आहे, असे जुने जळगावकर सांगतात. ते थांबणे सगळे पाहतात. मी मात्र दर वेळी मोगरीवाल्यांकडे पाहत उभा राहतो. रथाला सुकाणू नसते. चाकाखाली लाकडी मोगरी नेमक्या क्षणी सरकवूनच तो वळवावा किंवा थांबवावा लागतो. दोर ओढणारे पुष्कळ असतात आणि त्यांची नजर पुढच्या रस्त्यावर असते. मोगरीवाला मात्र कमरेत वाकून चाक आणि जमीन यांच्यामधल्या वीतभर जागेकडे पाहत असतो. त्याची जात किंवा धर्म विचारायला दोर ओढणाऱ्याला तेव्हा फुरसत नसते, त्याच्या हाकेवर भरवसा ठेवावाच लागतो. आमच्या अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, त्यालाही मोगरी लागतेच.

तेव्हा मंचावरची सात मिनिटे वाटण्याआधी कामे वाटून टाक. आमच्या एका मेळाव्यात सभापती होण्याची विनंती करायला आम्ही एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. तो हात जोडून म्हणाला, ‘भाऊ, आम्हले काम सांगा, खुर्ची नको.’ त्याला पाण्याचे टँकर सोपवले आणि त्या दिवशी कोणाचाही घसा कोरडा राहिला नाही. काम सोपवताना एवढेच पाहा की कोणतेही काम एकाच समाजाच्या दोघांकडे जाणार नाही. सूत्रसंचालन उर्दू शाळेतल्या बाईंकडे आणि एखाद्या लेवा मुलाकडे, कोठी तडवी आणि मारवाडी घरांतल्या दोघींकडे, अशा जोड्या लाव. पहिल्या दोन बैठकांत थोडी कुरबूर होईल, ती होऊ दे.

मंचाविषयीही एक सांगायचे आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. फार वर्षांपूर्वी, ऐन डिसेंबरात, मी शाळेच्या स्नेहसंमेलनात सातपुड्यातल्या काही तरुणांना होळीच्या पूर्ण वेषात नाचायला बोलावले होते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे, अंगावर पांढरे ठिपके, असा तो वेष. त्यांच्यासोबत आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि अगदी शांतपणे सांगितले की हा साज ज्याने होळीचे व्रत धरले आहे त्यानेच चढवायचा असतो. व्रताच्या दिवसांत तो खाटेवर झोपत नाही आणि बाकीचे नेमही पाळतो. आत्ता होळी नाही आणि मुलांनी व्रतही धरलेले नाही. मुले साध्या कपड्यांत ढोल वाजवून गेली, आणि तेच योग्य झाले. ज्यांना तो नाच पाहायचा असेल त्यांनी होळीच्या रात्री अक्कलकुव्याजवळ काठीला जावे आणि पहाटेपर्यंत जागावे. आपल्याकडच्या कानबाई देवीच्या उत्सवाचेही तसेच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, तिची गाणी आणि विसर्जनाची मिरवणूक सगळ्या गावाची असते, पण प्रसादाचे रोट बहुतेक घरांत भाऊबंदांपुरतेच राहतात. म्हणून ‘तुमचे काय दाखवता?’ असे विचारू नकोस. ‘तुमच्यातले काय सगळ्यांसमोर आणलेले तुम्हाला आवडेल?’ असे विचार, आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तरी त्या घराला एखादे काम दे.

जेवणाला भरीत ठेवायचे तुम्ही ठरवले आहे. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ आणि कळण्याची भाकरी म्हटले की खानदेशी माणूस पुढचे ऐकत नाही, आणि मीही त्याला अपवाद नाही. पण चातुर्मासात कितीतरी घरांत वांगे आणि कांदा-लसूण वर्ज्य असतात, आणि तुमच्याकडच्या अनेक जैन घरांत एरवीही चालत नाहीत. तारीख चंपाषष्ठीनंतरची धरा, आणि शेजारी बिनकांद्याचे वरण-बट्टीचे वेगळे पातेले ठेवा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या अंदाजावर विसंबू नका.

आता निधीविषयी. ‘सातपुड्यात जुने कपडे वाटप’ ही ओळ पत्रिकेतून काढून टाक. आम्हीही एका हिवाळ्यात असेच एक वाहन भरून धडगावकडे गेलो होतो. तिथे गाठोडी सोडली तर विरलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी आणि एकाच पायाचा बूट निघाला. लोकांनी काही न बोलता त्यातले चार-दोन कपडे उचलले. निघताना एका बाईने आमच्या वाहनात आमचूरची पिशवी ठेवली. आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून केलेला तो माल बाजारात पैसे देणारा होता, आणि आमचा एक बूट कोणाच्याच कामाचा नव्हता. त्या दिवशी देणारे कोण होते, हे मला परतीच्या वाटेवर कळले. पुढच्या वर्षी आम्ही कपडे नेले नाहीत; त्यांच्याकडून रोखीने आमचूर विकत घेतले, इथे विकले, आणि सुटलेला नफा त्यांनीच सांगितलेल्या कामाला, म्हणजे आश्रमशाळेतल्या मुलींच्या स्वेटरांना लावला. तुमच्या मेळाव्यात असा एक आमचूर-मिरचीचा गाळा लावता येईल, आणि त्यामागे धडगावचीच माणसे बसलेली असावीत.

एका संध्याकाळच्या निधीपेक्षा वर्षभर चालणारे लहान काम निवडा. गिरणीमालक प्रतापशेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, ते आजही आहे. एवढा पैसा आपल्याजवळ नाही, पण दरमहा दोन विद्यार्थ्यांची फी भरणे जमण्यासारखे आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि आमच्या गावात तेल कारखाना काढलेल्या कंपनीचे, म्हणजे आजच्या विप्रोचे, शेअर पिढ्यानपिढ्या न विकता जपणारी घरे इथे आहेत, तेव्हा धीर धरणे आपल्या भागाला अगदीच परके नाही.

हिशेबाबाबत मी कडक आहे, हे तू शाळेपासून जाणतोस. तुमच्या मंडळाची नोंदणी नाही, म्हणून वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या आणि नंतर हिशेबही सादर करा. कोणाच्याही खासगी मोबाइलवर क्यूआर कोड लावू नका. तो माणूस कितीही प्रामाणिक असला तरी सहा महिन्यांनी त्यालाच त्रास होतो. आयकराची सवलत मिळेल असे कोणाला तोंडी सांगू नका; ती पावती मान्यताप्राप्त संस्थेलाच देता येते, आणि तिथेही २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्रांचे पैसे तर मुळीच घेऊ नका, कारण त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणाऱ्यांना ती अडचण नाही.

आणि देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने फ्लेक्सवर छापू नका. नावे बाराखडीप्रमाणे लिहा, रक्कम लिहूच नका. जमा आणि खर्च मात्र पै न् पैसा चौकातल्या फळ्यावर, मराठीत आणि उर्दूत, आठ दिवस राहू द्या. पावसाळा नसेल तर खडू टिकतो. मराठी मजकुरासाठी माझे अक्षर अजून चालण्यासारखे असेल, तर तेवढे काम माझ्यासाठी राख, हार-नारळ नको. सकाळच्या पॅसेंजरने येईन, आणि उर्दू लिहिणारे जे कोणी असतील त्यांना त्याच वेळी बोलावून घे, म्हणजे आकडे दोन्हीकडे सारखे पडतील.

तुझे,
सर