छोट्या विमानाने डेटनचं वायुदल संग्रहालय बघायला जायचंय, तयारी कशी करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकागोच्या उपनगरात राहतो, गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचा परवाना मिळाला, आई-बाबा भारतातून यायचेत. त्यांना फ्लाइंग क्लबच्या चार आसनी सेस्ना १७२ मधून ओहायोतल्या डेटनला, अमेरिकन वायुदलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्यायचंय. संग्रहालय राइट-पॅटरसन तळाला लागूनच आहे, तर थेट तळावर उतरता येईल का? आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं जमेल का?

तळावर उतरता येणार नाही. आणि एका दिवसात जमेल, पण तसं करू नका. मी हा प्रवास दोनदा केलाय, एकदा गाढवासारखा आणि एकदा बरा, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी तळाचं. राइट-पॅटरसनची धावपट्टी लष्करी आहे. खाजगी विमानाला तिथे उतरायचं तर लष्कराचा रीतसर परवाना लागतो, आणि 'संग्रहालय बघायचंय' हे कारण काही त्यात बसत नाही. संग्रहालयाच्या आवारात जुन्या राइट फील्डच्या धावपट्ट्या अजून आहेत, वरून त्या अगदी 'या, उतरा' म्हणतात. त्यांच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं. संग्रहालयात शिरायला मात्र तळाचा पास वगैरे काही लागत नाही. तिकीट नाही, गाडी लावायला पैसे नाहीत. दारात सामान तपासतात, बस.

उतरायला मी झेनियाजवळचा ग्रीन काउंटी विमानतळ निवडतो. नकाशावर त्याची खूण आय-१९. तिथून गाडीने वीसेक मिनिटं. दुसरा पर्याय शहराच्या दक्षिणेचा डेटन-राइट ब्रदर्स, त्याची पट्टी पाच हजार फुटांची आहे आणि त्याच आवारात राइट बंधूंच्या 'मॉडेल बी' विमानाची उडणारी प्रतिकृती ठेवलेल्या लोकांचं छोटंसं हँगर-संग्रहालय आहे. दोन्हीकडे टॉवर नाही, रेडिओवर आपली जागा आपणच सांगायची. डेटनच्या मोठ्या विमानतळावरही उतरता येतं, पण आई-बाबांना घेऊन विमान कंपन्यांच्या जेटच्या रांगेत उभं राहण्यात मला काही गंमत वाटत नाही.

शिकागोच्या नैर्ऋत्येकडून निघालात तर अंतर साधारण २२० नॉटिकल मैल. नकाशावर सरळ रेघ मारून बघा, म्हणजे एक मजा दिसेल. आय-१९ ला जाणारी रेघ डेटनच्या क्लास सी मधून (मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश) आणि राइट-पॅटरसनच्या जवळून जाते. म्हणून इंडियानात शिरल्यापासूनच फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने रडारवर आपल्यावर लक्ष ठेवायची सोय) घेऊन ठेवा. कंट्रोलर आधीपासून ओळखीचा असला की शेवटची पंधरा मिनिटं सोपी जातात, तो सांगेल त्या बाजूने वळसा घालायचा. वाटेत ग्रिसमचा लष्करी तळही बरोबर रेघेवर येतो, तेव्हाही कोणाशी तरी बोलत असलेलं बरं. उंची जाताना ५,५०० फूट, येताना ४,५०० किंवा ६,५००, हे तुम्हाला माहीतच असेल.

आता वजन. नव्या पायलटला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणजे हवामान नव्हे, सासूबाईंना वजन विचारणं. पण विचारावंच लागतं. आमच्या क्लबच्या १७२ एस मध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ८८० पौंड, म्हणजे ४०० किलो बसतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर ५३ गॅलनचेच १४४ किलो होतात, उरले २५६. आम्ही चौघं मिळून २८० भरलो, वर दहा किलोची पिशवी. म्हणजे चार खुर्च्या आहेत पण चार माणसं बसत नाहीत, असं वाटून मी हिरमुसलो होतो. मग उलटा हिशेब केला. ४०० मधून २९० गेले, उरले ११०, म्हणजे ४० गॅलन. तासाला नऊ गॅलन धरलं तर जवळजवळ साडेचार तासांचं इंधन, आणि उडायचंय दोन तास. टाकी भरून जायचा हट्ट सोडला की चौघं आरामात जातात. फक्त ही वजनं तुमच्या विमानाच्या कागदांवरून आणि घरच्या काट्यावरून घ्या, माझ्या उत्तरातून नव्हे. तोलाचा बिंदूही बघा. आमच्याकडे जड मंडळी पुढे बसली, म्हणजे मी आणि अण्णा, माझे सासरे.

येतानाचा हिशेब वेगळा. या भागात वारा बहुधा पश्चिमेचा. विमानाचा वेग ११० नॉट आणि पाठीवर २० नॉटचा वारा असेल तर जायला पावणेदोन तास लागत नाहीत. तोच वारा तोंडावर आला की परतीला अडीच तास धरा. दिवसा अर्ध्या तासाचं राखीव इंधन नियमाने चालतं, मी पूर्ण तासाचं ठेवतो. आणि साठीपुढची माणसं बरोबर असतील तर मध्ये इंडियानातल्या कोकोमोला उतराच. इंधनासाठी नव्हे. १७२ मध्ये टॉयलेट नसतं, आणि आपली माणसं शेवटच्या क्षणापर्यंत 'नको, नको, चालेल' म्हणत बसतात.

आता माझा गाढवपणा. पहिल्यांदा आम्ही जुलैमध्ये गेलो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ठरवून. आठला निघालो, दोन तासांत पोचू, दहाला संग्रहालयाच्या दारात. इंडियाना ओलांडताना घड्याळ एक तास पुढे जातं हे मला माहीत नव्हतं असं नाही, ते मी हिशेबातच धरलं नव्हतं. कोकोमोचा थांबा, उतरून विमान बांधणं, गाडीची वाट बघणं हे सगळं धरून आत पोचायला साडेबारा वाजले. संग्रहालय पाचला बंद होतं. तीन वाजता फोनवर रडार बघितलं तर इंडियानावर वादळांची लांबच लांब लाल माळ. आम्ही दोन इमारती धावत बघितल्या, उरलेल्या दोन दारातून बघितल्या, आणि विमानतळावर जाऊन ती माळ सरकायची वाट बघत बसलो. ती सरकली अंधार पडल्यावर. रात्र मोटेलमध्ये काढली. दात घासायचा ब्रश नाही, अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी, जेवायला सकाळचे उरलेले धपाटे. बायको काही बोलली नाही, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुक्काम धरूनच चला. औषधं दोन दिवसांची घ्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं काही ठेवू नका, आणि आदल्या रात्री हवामान बिघडलेलं दिसलं तर कार काढा. पाच तासांचा रस्ता आहे. मी आई-बाबांना 'डेटनला जायचंय' एवढंच सांगतो, 'विमानाने जायचंय' असं सांगत नाही. एकदा विमानाचं कबूल केलं की ते पाळायचा दबाव आपल्यावरच येतो, आणि मग ढग जरा कमी वाईट दिसायला लागतात.

महिना शक्यतो सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा धरा. सकाळी नदीकाठी धुकं असतं, तेव्हा निघायची घाई नको, दहापर्यंत बहुधा निवळतं. उन्हाळ्यात डेटनच्या मोठ्या विमानतळावर एअर शो असतो, त्या दिवसांत तिथलं आकाश काही तास बंद ठेवतात. निघायच्या दिवशी सकाळी नोटॅम (विमानतळ आणि आकाशाबद्दल पायलटांसाठीच्या सूचना) वाचायलाच हवेत, ते मी सांगायला नको. क्लबलाही आधी विचारा. रात्रभर विमान बाहेर ठेवलं तर बरेच क्लब दिवसाला किमान दोन-तीन तासांचं भाडं लावतात, उडा नाहीतर नका उडू. जिथे उतरणार तिथे आदल्या दिवशी फोन करून गाडी मिळेल का, रात्री बांधायला दोर आहेत का, पेट्रोलचा पंप किती वाजेपर्यंत चालू असतो, एवढं विचारून घ्या. बऱ्याच छोट्या विमानतळांवर पायलटला तास-दोन तास वापरायला एक जुनाट गाडी देतात, पण ती दिवसभर अडवून ठेवणं बरं दिसत नाही. भाड्याची गाडी सांगून ठेवा. (भारतात जुहूहून उडणाऱ्या माझ्या मित्राला हे सगळं ऐकून हेवा वाटतो. त्याला गोव्याला जायचं तरी फ्लाइट प्लॅन, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर आणि हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर हातात आल्याशिवाय चाक हलवता येत नाही.)

संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या, आणि तोही पुरणार नाही. चार प्रचंड हँगर आहेत, चौथं २०१६ मध्ये उघडलं. बहुतेक लोक पहिल्या महायुद्धाच्या लाकडी-कापडी विमानांपासून सुरुवात करतात आणि चौथ्या इमारतीत पोचेपर्यंत पाय गळतात. तुम्ही उलटं करा. सकाळी आधी चौथी. तिथे एक्सबी-७० व्हॅल्किरी आहे, आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारं सहा इंजिनांचं पांढरं बॉम्बफेकी विमान. दोनच बनली, दुसरं १९६६ मध्ये हवेतल्या टकरीत गेलं. तिथेच केनेडींचं विमान आहे, त्यात चढून आतून चालता येतं. वाट इतकी अरुंद की दोन्ही खांदे प्लास्टिकच्या भिंतींना घासतात. २२ नोव्हेंबर १९६३ ला जॉन्सन यांचा शपथविधी याच विमानात झाला, आणि मागच्या बाजूला केनेडींची शवपेटी ठेवायला खुर्च्या काढून जागा केली होती. दुपारी या विमानाच्या शिडीपाशी रांग लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात 'बॉक्सकार' आहे, नागासाकीवर बॉम्ब टाकलेलं बी-२९. इंधनाचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकाने त्याची त्या दिवसाची हकिकत वाचावी. मागच्या टाकीचा पंप चालेना, सहाशे गॅलनच्या आसपास इंधन पोटात असून वापरता येईना, कोकुरा शहर धुराने आणि ढगांनी झाकलेलं म्हणून त्यावर तीन फेऱ्या झाल्या, मग नागासाकी, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या टाकीने ओकिनावाला उतरले. मी हे अण्णांना उत्साहाने सांगत होतो. ते विमानाच्या नाकाकडे बघत उभे राहिले, माझं संपू दिलं, आणि काही न बोलता पुढे गेले. मग मीही गप्प झालो.

 अण्णांची नोकरी ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात झाली, मिग-२१ वर. दुसऱ्या खेपेला, मुक्काम धरून गेलो तेव्हा, व्हिएतनाम युद्धाच्या दालनात त्यांना मिग-२१ पीएफ दिसलं. आपल्याकडे एफएल म्हणून जे बनायचं, ते याचंच भावंड. व्हॅल्किरीला त्यांनी दहा मिनिटं दिली होती. इथे चाळीस मिनिटं हलले नाहीत. आधी पुढे उभं राहून नाकाच्या शंकूकडे बघितलं, मग बाजूला आले, मग दोरीच्या अलीकडे गुडघ्यावर बसून पोटाखाली बघायला लागले. एक एक झाकण बोटाने दाखवून मला त्याच्या आत काय आहे ते सांगत होते. एका झाकणापाशी म्हणाले, "इथे हात घालताना सगळ्यांची सालपटं निघायची." आणि आपल्या उजव्या हाताचा मागचा भाग बघितला, जसं काही अजून खरचटलेलं असेल.

तेवढ्यात तिथला एक वयस्क स्वयंसेवक आला. मला वाटलं, उठा म्हणणार. अण्णा त्याला आपल्या इंग्रजीत म्हणाले, "आम्ही हे बनवायचो." त्याला ती थट्टा वाटली. मी सगळं समजावून सांगितल्यावर तो खाली वाकून त्यांच्याशेजारी बसला, स्वतः तरुणपणी वायुदलात फँटम या लढाऊ विमानाची देखभाल करायचा म्हणाला, आणि मग दोघांनी हायड्रॉलिकच्या गळत्यांवर जे बोलायला सुरुवात केली त्यात माझं काही काम उरलं नाही. मी आणि बायको जाऊन कॉफी पिऊन आलो. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या वायुदलाने मिग-२१ निवृत्त केलं तेव्हा अण्णांनी मला त्या दिवसाच्या बातम्या न पाठवता डेटनच्या याच मिगचा फोटो पाठवला होता.

तुमच्या बाबांचं असं काही विमान असेल तर ते कोणत्या दालनात आहे ते संग्रहालयाच्या साइटवर आधी शोधून ठेवा, आणि तिथे पोचल्यावर घड्याळ बघू नका. वेळ उरला तर हफमन प्रेअरीला जा. राइट बंधूंनी १९०४-०५ मध्ये तिथे सराव केला आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला ३९ मिनिटांत २४ मैल उडून दाखवलं. बघायला फारसं काही नाही, गवताचं कुरण आणि एक लाकडी शेड. सासूबाईंना मात्र सगळ्या सहलीत तीच जागा आवडली, कारण तिथे एकदाची बसून पोळी-भाजी खाता आली.

परतीच्या दिवशी निघायच्या आधी टाक्यांमधलं इंधन काचेच्या नळीत काढून पाणी आलंय का ते बघा, रात्रभर विमान दवात उभं असतं. आणि अण्णांसारखा माणूस बरोबर असेल तर ती नळी त्यांच्याच हातात द्या.