खुरपणीची नोंद आणि मजुरीचा प्रश्न

प्रश्न : सरकारी श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले, असे वाचले. आमच्या गावातल्या बायका पूर्वीही शेतात राबत होत्या आणि आजही राबतात; त्यांच्या हाताला नवे काम आले असे काही दिसत नाही. मग ही वाढ खरी मानायची का? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : आकडा खरा आहे, पण तो मजुरीविषयी काहीच सांगत नाही. 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण 2017-18 मध्ये 22 टक्के होते, ते 2023-24 मध्ये 40.3 टक्क्यांवर गेले. मात्र त्याच अहवालातील पुढची कोष्टके वाचल्याशिवाय या वाढीचा अर्थ लागत नाही. काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारातील स्त्रियांचा वाटा याच काळात सुमारे 52 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर गेला. स्वयंरोजगार म्हटले की दुकान किंवा शिलाईयंत्र डोळ्यांपुढे येते. परंतु या गटात घरच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला हातभार लावणाऱ्या व्यक्तीही मोजल्या जातात, आणि काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया अशाच आहेत. ग्रामीण भागात शेतीवर असलेल्या स्त्रियांचे प्रमाणही 73.2 टक्क्यांवरून 76.9 टक्क्यांपर्यंत वाढले. म्हणजे वाढ झाली ती प्रामुख्याने शेतात आणि घरच्या धंद्यात. महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या कामात नव्हे.

गावात नवे काम दिसत नसताना आकडा वाढतो, याचे एक कारण नोंदीच्या पद्धतीत सापडते. पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या कामाला संकेतांक दिला जातो. घरच्या शेतीत विनावेतन मदत करणारी स्त्री 21 या संकेतांकाखाली येते आणि तिची गणना रोजगारात होते. घरकाम सांभाळून घरच्या वापरासाठी सरपण, चारा गोळा करणारी स्त्री 93 या संकेतांकाखाली जाते आणि श्रमबलाबाहेर राहते. पहाटे म्हशीला चारा आणणारी, दुपारी आपल्याच रानात खुरपणी करणारी आणि संध्याकाळी चुलीपुढे बसणारी बाई एकच असते. प्रगणकाने प्रश्न कसा विचारला आणि घरातल्या कोणी उत्तर दिले, यावर तिची नोंद इकडची तिकडे होऊ शकते. ‘ती घरीच असते’ हे कर्त्या पुरुषाचे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

तरीही सगळी वाढ नोंदीमुळेच झाली, असे मी म्हणणार नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर अनेक कुटुंबे शेतीकडे परतली, घरातील उत्पन्न घटले आणि स्त्रियांना अधिक काम अंगावर घ्यावे लागले, हेही तितकेच खरे आहे. माझ्या मते या पाहणीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘किती जणी काम करतात’ हा नसून ‘किती जणींना स्वतःच्या कामाचा मोबदला स्वतःच्या हातात मिळतो’ हा असायला हवा. त्यातच लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात हे पाहणाऱ्या 2024 च्या कालवापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे. म्हणजे शेतातले काम वाढले म्हणून घरातले उतरले, असे झालेले नाही.

प्रश्न : ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची कामाची स्थिती अशा पाहणीतून कळते का? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : फारच थोडी. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर घेतली जाते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडली जाते. त्यामुळे बायकोने मोळ्या बांधल्या, वाहिल्या, गाडी भरली, तरी तिच्या वाट्याची मजुरी स्वतंत्रपणे मोजायला काही शिल्लकच राहत नाही. शिवाय हंगामात गावातल्या घराला कुलूप असते आणि कुटुंब कारखान्याच्या परिसरातील तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. घरोघर जाणाऱ्या प्रगणकाला ते गाठणे अवघड. या स्त्रियांच्या स्थितीचे सर्वांत ठळक चित्र रोजगाराच्या नव्हे, तर आरोग्याच्या तपासणीतून पुढे आले. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली आणि त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तळावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, आणि एक खाडा, म्हणजे एका दिवसाची गैरहजेरी, झाला तरी दंड पडतो. कामाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्याने उचल, खाडा आणि तळावरचे पाणी यांविषयीचे प्रश्न आपल्या प्रश्नावलीत घालावेत आणि ते हंगाम सुरू असताना, उसाच्या फडावर जाऊन, बाईलाच विचारावेत.